पाठमोरा माणूस

मी पंचायत समितीच्या निवडणुकीला का उभा राहिलो, याची मी लोकांना पुष्कळ कारणं सांगितली. रस्ता, पाणी, शाळेच्या गळक्या खोल्या. खरं कारण एवढंच की नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तिथे रोज येऊन बसणारी चार माणसं मला म्हणायची, "भाऊ, आता तुमीच उभं राह्यला पाह्यजे." ही माणसं माझाच चहा पिऊन हे बोलत होती, हे ध्यानात यायला निवडणूक संपावी लागली. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असं माझी बायको म्हणते. तसं नाही. मी आधीच अर्ध्यावर चढून बसलो होतो, त्यांनी नुसता खालून आधार दिला.

तिकीट नांदेडच्या साहेबांनी दिलं. साहेब म्हणजे आमच्या पक्षाचे जिल्ह्यातले मोठे नेते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग चौकाचौकांत माझे फ्लेक्स लागले. फोटोग्राफर हुशार होता, त्यानं समोरून आणि जरा खालून फोटो काढला. त्यामुळे मिशी भरदार दिसली आणि डोक्यामागचं टक्कल कुणालाच दिसलं नाही. येता-जाता मी माझ्याच फ्लेक्ससमोर गाडीचा वेग कमी करायचो. एकदा मागून ट्रॅक्टर धडकता धडकता राहिला.

प्रचारासाठी पांढरे कपडे लागतात. ते मी गावातल्या टेलरकडे टाकले. टेलर आणि मी पहिलीपासून एका वर्गातले. तो बौद्ध वस्तीतला, मी पाटील गल्लीतला, आणि त्याचं दुकान माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. राजकारणाची त्याला माझ्याहून जास्त हौस. पण तो होता समोरच्या उमेदवाराचा कट्टर माणूस. समोरचा उमेदवार म्हणजे पलीकडच्या गावचा दूध संकलन केंद्रवाला.

"पोट आत घिऊ नको, दुकानदारा," माप घेताना टेलर म्हणाला. "निवडून आलास तरी सुटंल, पडलास तरी सुटंल."

"तू माझे कपडे शिवून राह्यला आन मत त्याला देऊन राह्यला?"

"हाव. मत त्याला, कपडे तुला. दोन्हीकडं काम चोख."

कपडे खरंच चोख झाले. ते घालून मी मतमोजणीला गेलो.

मोजणी तालुक्याच्या गोदामात होती. मध्ये जाळी, जाळीच्या त्या बाजूला टेबलं आणि मशीन, या बाजूला आम्ही उमेदवार आणि आमचे मोजणी प्रतिनिधी. टेलर दूधवाल्याचा प्रतिनिधी म्हणून माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. आत मोबाईलला बंदी होती, म्हणजे बहुतेकांचे मोबाईल बनियनमध्ये होते. गावागावाप्रमाणे फेऱ्या मोजल्या जात होत्या. आमचं गाव आणि आजूबाजूची वाडी-वस्ती आधी आली. मी पुढे. पुढच्या फेरीतही पुढे. बाहेर कुणीतरी ओरडलं आणि डीजे सुरू झाला.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. दूधवाल्याचं मोठं गाव शेवटच्या फेरीत होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण बाहेर डीजे वाजत असताना माहीत असलेल्या गोष्टी आठवत नाहीत. मी खुर्चीवरून उठलो आणि दाराकडे निघालो. टेलर माझ्यामागून आला. दाराजवळच्या कोपऱ्यात तो पुढे येऊन मला आडवा झाला, खांद्यावर हात टाकला आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, "आरं येड्या, आत्ताच गुलाल घिऊ नको. आमच्या दूधवाल्याचं गाव बाकी हाय. घटकाभर दम धर. नंतर फजिती हुईल."

मी त्याला म्हणालो, "तुझ्या पोटात दुखून राह्यलं."

त्यानं खांद्यावरचा हात काढला. मी बाहेर गेलो.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. डोक्यावर, तोंडात, कानात, सगळीकडे गुलाल. कुणीतरी पेढा भरवला तो निम्मा गुलालाचाच होता. मी दोन बोटं वर करून नाचलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता आणि तो साधारण एका फेरीएवढा टिकला.

शेवटची फेरी आली आणि मी पडलो. थोडक्यात पडलो, पण पडलो. अधिकाऱ्यानं निकाल वाचला तेव्हा मी जाळीपाशी लालभडक उभा होतो आणि दूधवाला स्वच्छ कपड्यांत सही करत होता. गुलालाचं असं आहे की तो लागल्यावर झटकून जात नाही. बाहेर दोनशे-तीनशे पोरं माझं नाव घेऊन नाचत होती. त्यांना काय सांगायचं? मोजणीत हरलो असं सांगितलं तर कुणीतरी विचारणार, मग गुलाल कशाला घेतला? या एका प्रश्नाची मला इतकी लाज वाटली की पराभवाचं दुःख बाजूलाच राहिलं.

साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, "निकाल मान्य नाही म्हणा. बस्स. कारण सांगू नका. कारण लोक शोधतात."

मी ट्रॉलीवर चढलो आणि माईक घेतला. निकाल मान्य नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "माझा विजय चोरलाय!"

ते वाक्य म्हणताच मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. डोक्यावरचा गुलाल एकदम माझा झाला. मी फजित झालेला माणूस नव्हतो, माझ्यावर अन्याय झाला होता. पोरांचे चेहरे बदललेले मी पाहिले. आधी ती नाचत होती, आता त्यांच्या मुठी वळल्या होत्या. मला वाटलं, काय हे प्रेम.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी बनियनमधला व्हिडिओ गावभर फिरला. लांबून काढलेला, हललेला, आवाज नसलेला. त्यात गोदामाच्या दाराजवळ टेलर उभा आहे. त्याच्यासमोर पांढऱ्या कपड्यातला एक पाठमोरा माणूस. टेलर त्याच्या खांद्यावर हात टाकून कानात काहीतरी सांगतो. पाठमोरा माणूस मान हलवतो आणि निघून जातो. खाली लिहिलं होतं, 'विरोधी एजंटाची मशीनवाल्याशी सेटिंग. पाठमोरा माणूस कोण?'

मी तो जेवणानंतर चहा पिता पिता पाहिला. बायकोनं मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर तुमी."

"कशावरून?"

"टकलावरून. वीस वर्सं झाली, रोज बघून राह्यले मी."

मी माझी पाठ तोवर कधी पाहिलीच नव्हती. पुन्हा पाहिलं. तेच टक्कल, तेच कपडे, आणि चालण्याची ऐट तर अशी की मलाच किळस आली. गावातल्या इतरांना ओळखू आलं नसेल का? मला वाटतं काहींना आलं असणार. पण जे पाहायचं नसतं ते माणूस पाहत नाही. आणि टेलरच्या जागी पाटील गल्लीतला कुणी असता, तर पोरांनी जरा निरखून पाहिलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा," बायको म्हणाली.

"सांगतो. जरा वातावरण थंड होऊ दे."

वातावरण थंड व्हायची वाट पाहत मी चहा संपवला आणि दुकानात जाऊन बसलो. संध्याकाळी पोरं टेलरच्या दुकानावर गेली. समोरच्या काचा फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पूर्ण ओढलं असतं तर भित्रा दिसलो असतो. त्या अर्ध्या शटरखालून मला पाय दिसत होते, रस्त्यावर पडलेली शिलाई मशीन दिसत होती, आणि ती वाचवायला वाकलेला टेलर दिसत होता. कुणीतरी लोखंडी गज मारला. तो त्याच्या उजव्या हातावर बसला.

मी बाहेर गेलो नाही. जाऊन उपयोग नव्हता, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. उपयोग झाला असता. पोरं माझी होती.

साहेबांना प्रकरण कळलं तशी त्यांनी नांदेडला पत्रकार बोलावले. मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. साहेब म्हणाले, "हिंसेचं आम्ही समर्थन करत नाही. पण हा पाठमोरा माणूस कोण? मी आरोप करत नाही. मी फक्त प्रश्न विचारतोय." त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. त्या वेळी मला कळलं की नेता होण्यासाठी काय लागतं. प्रश्न आपण विचारायचा, दगड दुसऱ्यानं मारायचा, आणि मग दगडालाही प्रश्नच विचारायचा की बाबा, तू कुठून आलास? मी मात्र कॅमेऱ्यांकडे तोंड करून ताठ बसलो होतो, कारण पाठ फिरवायची सोय नव्हती. निघताना दारापर्यंत उलटा चालत गेलो. एका पत्रकारानं लिहिलं की कार्यकर्त्यांच्या मनात साहेबांबद्दल केवढा आदर आहे.

तिथूनच मी सरकारी दवाखान्यात गेलो. केळी घेतली होती. टेलर खाटेवर बसला होता, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच्या बायकोनं मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"व्हिडिओ पाह्यलास?" त्यानं विचारलं.

"पाह्यला."

"तुझं टक्कल लई चमकून राह्यलंय त्यात."

मला हसू फुटलं. तोही हसला. शाळेत मागच्या बाकावर हसायचो तसे आम्ही हसलो. मग तो एकदम थांबला.

"हासू नको. सांग."

"साहेब म्हणतेत..."

"सायबाचं टक्कल न्हाई त्यात. तुझं हाय."

"तू का नाही सांगत?"

"सांगितलं की. पोलिसाला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. ते म्हनले, उमेदवाराला विचारतो. विचारलं का तुला?"

विचारलं होतं. मी सांगितलं होतं की तपास चालू आहे, त्यावर बोलणं योग्य नाही. हे वाक्य मी टीव्हीवरून उचललं होतं आणि ते माझ्या तोंडी शोभलं असंही मला त्या वेळी वाटलं होतं.

"सायबाच्या बंदच्या दिवशी पोरं वस्तीवर येऊन राह्यलीत म्हनं," तो म्हणाला. "लेकरं भोकरला सासुरवाडीत धाडली मी. म्हातारी आई जायाला तयार न्हाई. म्हनती, घर सोडणार न्हाई. त्याच्या आत सांग. माझ्या हाताचं जाऊ दे."

मी हो म्हणालो. केळी तिथेच ठेवली.

साहेबांनी तालुका बंदची हाक दिली होती. चौकात सभा होती. मी आदल्या दिवसापासून मनातल्या मनात भाषण करत होतो. त्यात सुरुवातीला लोकशाहीबद्दल दोन सुंदर वाक्यं होती. शेवटी सगळे रडतात आणि मला मोठ्या मनाचा माणूस म्हणतात, असंही मी ठरवून ठेवलं होतं. म्हणजे खरं बोलायचं तेही गुलालासाठीच.

माईक हातात आला तेव्हा दोन्ही वाक्यं विसरलो. मी म्हणालो, "तो पाठमोरा माणूस मी आहे. टेलर मला सांगून राह्यला होता की गुलाल घिऊ नको, आजून मोजणी बाकी हाय. मी ऐकलं न्हाई. मी हरलो. कुणी काही चोरलं न्हाई."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मी जे केलं ते आठवलं की अजून कान तापतात. मी टोपी काढली, गर्दीकडे पाठ केली आणि डोकं दाखवलं. "बघा," म्हणालो. "हेच हाय का न्हाई?"

कुणीतरी खुदकन हसलं. क्षणभर वाटलं, जमलं. तेवढ्यात साहेबांनी माझ्या हातातून माईक घेतला, माझ्या खांद्याला मायेनं धरलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बघा मित्रांनो! बघा आपल्या उमेदवाराची काय अवस्था केलीय! किती दबाव असेल या माणसावर! मी फक्त विचारतो, हे कोण करतंय?"

मग जो गलका उठला तसा माझ्या विजयालाही उठला नव्हता. पोरं वस्तीच्या दिशेनं पळाली. मी त्यांच्यामागे पळालो, "आरं मीच हाय रे! मीच!" असं ओरडत. पोट सांभाळत पळता पळता कुणास ठाऊक कसा मी सगळ्यांच्या पुढे गेलो. मागच्यांना वाटलं मीच त्यांना घेऊन चाललोय. त्यांना जोर चढला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, हात वर करून ओरडणारा मी आणि मागे गर्दी. खाली छापलं होतं, 'मोर्चाच्या अग्रभागी उमेदवार'. या वेळी मात्र फोटो समोरून होता आणि चेहरा स्पष्ट होता.

ओढ्याच्या पुलावर पोलिसांनी अडवलं म्हणून वाचलो. तरी दगड पलीकडे गेलेच. वस्तीतल्या घरांचे पत्रे वाजत राहिले. टेलरची म्हातारी आई खाटेखाली जाऊन बसली होती, ती अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही. तिला काही लागलं नाही, असं सगळे म्हणाले. तिला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. तिच्या घरी जाऊन तिला बाहेर ये म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पोलीस ठाण्यात मी जबाब दिला. साहेबांनी गजानं कुणाला मारलं नाही आणि मीही नाही, पण त्या गजाला वाट कुणी दाखवली तेही लिहून घ्या, म्हणालो. पोलीस निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "लोक इथं नाव कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात?" त्यांनी माझं नाव लिहिलं. साहेबांचं लिहिलं नाही. प्रश्न विचारणं गुन्हा नसतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. गावातली चार पोरं आत गेली, त्यांच्या आया माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. साहेबांचा फोन त्या आठवड्यात लागला नाही. त्यांची पोरं पुण्याला शिकतात, असं कुणीतरी सांगितलं. मला त्या पोरांचा राग आला, आणि मग लगेच आपलाही मुलगा हैदराबादला असतो हे आठवलं.

त्यानंतर मी घरोघर गेलो. जो भेटेल त्याला तीच गोष्ट सांगितली. पारावर सांगितली, सलूनमध्ये सांगितली, देवळाच्या पायरीवर सांगितली. लोक मान डोलवायचे, चहा द्यायचे आणि मी उठल्यावर म्हणायचे, बिचाऱ्यावर लई दबाव हाय. खोटं एकदाच बोललो होतो तर सगळ्यांना पटलं होतं. खरं इतक्या वेळा सांगितलं की माझंच मला पाठ झाल्यासारखं वाटायला लागलं.

टेलरचं प्लास्टर निघालं, पण दोन बोटं नीट मिटेनात. सुई धरता येईना. त्याचा भाऊ लातूरला असतो, त्याच्या ओळखीनं तिथल्या कापड दुकानात उभं राहायचं काम मिळालं. तो आई, बायको आणि लेकरांना घेऊन निघाला त्या दिवशी मी बस स्टँडवर गेलो. त्याला थांबवायचंच असं ठरवून गेलो होतो.

"जाऊ नको," मी म्हणालो. "मी सगळ्यांना खरं सांगितलंय."

"मालूम हाय. मी ऐकलं."

"मग?"

त्यानं डाव्या हातानं पिशवी उचलली. "तू सांगितलं ते मला पटलं, दुकानदारा. पण गावात राह्यचं तर मला एकट्याला पटून भागत न्हाई."

मी मावशीच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही. लातूरची बस आली, ती सगळी चढली. खिडकीतून टेलरच्या पोरीनं मला ओळखून हात हलवला, तिच्या आईनं तो खाली घेतला. मी तिथेच उभा राहिलो आणि भरल्या स्टँडवर मला रडू आलं.

चहाच्या गाड्यावर आमच्या गावातली दोन-तीन पोरं होती. जामिनावर सुटलेला एक त्यातच होता. तो जवळ आला, त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बसकडे बघत हळूच म्हणाला, "भाऊ, घालवलंच की शेवटी तुमी त्याला."

"आरं बाबा, तो मी होतो," मी म्हणालो. "खरंच मी होतो."

"हाव भाऊ," तो डोळा मिचकावून म्हणाला. "आमाला काय कळत न्हाई का?"